नमपायमध्ये (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) पावसाचे आकडे गटात टाकताना बरोब्बर सीमेवरचे दिवस चुकीच्या गटात का जातात?

तुम्ही पणजीचा रोजचा पाऊस हवामान खात्याच्या गटांत टाकताय ना, मग सीमा 64.5, 115.6, 204.5 मिमी ठेवा आणि नमपायचं डिजिटाइझ (आकडा कोणत्या गटात पडतो ते सांगणारं फंक्शन) वापरा, त्यात डावी सीमा धरली जाते म्हणजे 64.5 सरळ 'जोरदार' मध्ये. पांडाजच्या (पायथनचीच डेटा हाताळायची लायब्ररी) कट फंक्शनमध्ये उलटं आहे, तिथे उजवी धरतात, म्हणून 64.5 खालच्या गटात जातो आणि 0 पासून सीमा सुरू केली असेल तर कोरडे दिवस चक्क रिकामे येतात, राइट फॉल्स (right=False) दिलं की दोन्ही सुटतं.

खरा धोका नॅनचा, म्हणजे रिकाम्या नोंदीचा. डिजिटाइझ त्याला सगळ्यात शेवटी टाकतं, म्हणजे ज्या दिवशी नोंदच नाही तो दिवस 'अतिवृष्टी' म्हणून मोजला जातो आणि एरर वगैरे काही येत नाही!! आधी इझनॅन (नॅन ओळखणारं फंक्शन) लावून ते बाजूला काढाच.

आणि डेटा फ्लोट32 (कमी अचूक दशांश प्रकार) असेल तर 115.6 आत 115.5999985 असा बसतो, सीमा मात्र जास्त अचूक फ्लोट64 ची, म्हणून एक गट खाली. मी तरी दहाने गुणून रिंट (जवळच्या पूर्णांकावर आणणं) करून पूर्णांकच करतो, सीमा 645, 1156, 2045, मग हा घोळच राहत नाही.