गुणांची बेरीज सोपी, वजनं ठरवणं अवघड

पत्र : माझी मुलगी रत्नागिरीत भूगोल घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमची डोंगरउतारावर आंबा-काजूची बाग आहे. पश्चिम घाटाच्या अहवालांवर तिनं प्रकल्प केला आणि आता म्हणते, जंगल, पाणी, रोजगार असे अनेक निकष एकत्र तोलून निर्णय कसा घ्यायचा, ते शास्त्र शिकायचंय. झाडाची आणि नोकरीची तुलना आकड्यांत कशी करणार? यात पोट भरतं का? तिनं बी.एड. करावं असं आम्हाला वाटतं.
— एक पालक, ता. संगमेश्वर

सप्रेम नमस्कार.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या बागेपासूनच सुरू करू. केंद्र सरकारनं नेमलेल्या, परिसंस्थातज्ज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं २०११च्या अहवालात घाटाचे साधारण ९ बाय ९ किलोमीटरचे चौकोन पाडले. घाटाबाहेर न आढळणाऱ्या वनस्पती, सस्तन प्राणी, सदाहरित जंगल, उंची, उतार, नदीकाठची झाडी अशा निकषांवर प्रत्येक चौकोनाला गुण दिले आणि त्यावरून पर्यावरणाच्या दृष्टीनं संवेदनशीलतेचे तीन स्तर ठरवले. २०१३मध्ये, त्यानंतर सरकारनंच नेमलेल्या शास्त्रज्ञ कस्तुरीरंगन यांच्या कार्यगटानं उपग्रहचित्रांवरून वस्ती, शेती आणि बागांचा भूभाग आधीच वेगळा काढला आणि घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग संवेदनशील ठरवला. गावाच्या क्षेत्राचा २० टक्के किंवा जास्त भाग त्यात आला, तर ते गाव संवेदनशील गावांच्या यादीत.

म्हणजे पहिल्या पद्धतीत तुमची बाग चौकोनाच्या गुणांत मिसळून जाते. दुसरीत ती सुरुवातीलाच बाजूला पडते, पण गावाचा पाचवा हिस्सा संवेदनशील निघाला की गावाबरोबर परत यादीत येते. डोंगर तेच, बाग तीच. निकष आणि मोजायचं एकक बदललं, की नकाशा बदलतो. तुमच्या मुलीला हे प्रकल्प करताना जाणवलं असेल, तर तिची ओढ वरवरची नाही.

गणित अवघड नाही. थॉमस साटी यांनी १९७०च्या दशकात मांडलेल्या पद्धतीत निकषांची दोन-दोनच्या जोड्यांनी तुलना करतात, १ ते ९ या मापावर. त्यातून प्रत्येक निकषाचं वजन निघतं. उत्तरं एकमेकांशी विसंगत असतील, तर तेही आकड्यात दिसतं. हे ती आठवड्याभरात शिकेल. खरी कसोटी वेगळीच आहे. सरासरी काढली, की रोजगाराचे भरघोस गुण विहीर आटण्याचं नुकसान झाकून टाकतात. म्हणून काही निकषांना उंबरठा लावावा लागतो : पाणी अमुक पातळीखाली गेलं, तर बाकीचे गुण कितीही असोत, तो पर्याय बाद. फ्रान्समध्ये बर्नार्ड रॉय यांनी विकसित केलेल्या पद्धतींत याच धर्तीचा नकाराधिकार आहे. दुसरी अडचण दुहेरी मोजणीची. हिरवं आच्छादन, जंगलाचं क्षेत्र, सदाहरित जंगलाचा वाटा हे तीन निकष वेगवेगळे घेतले, तर एकच गोष्ट तीनदा मोजली जाते. आणि वजनं कोणाला विचारायची? वनाधिकारी, बागायतदार आणि डोक्यावरून पाणी आणणारी बाई यांची उत्तरं सारखी येणार नाहीत. त्यांची घाईनं सरासरी काढू नये. तीन वेगळी उत्तरं निर्णय घेणाऱ्यांपुढे तशीच ठेवावीत, असं माझं ठाम मत आहे.

आता पोटाचं. फक्त या पद्धतीच्या नावानं नोकरीच्या जाहिराती फारशा निघत नाहीत. नोकरी मिळते ती जीआयएस (संगणकावर नकाशे आणि त्यांवरची माहिती हाताळण्याचं तंत्र), भूजल, परिसंस्था अशा एखाद्या पक्क्या कौशल्यावर, आणि ही विद्या त्याच्या जोडीला लागते. पाणलोट विकासाच्या संस्था, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, नागपूरचं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, पर्यावरण आघात मूल्यांकन (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अभ्यास) करणाऱ्या सल्लागार कंपन्या ही त्याची ठिकाणं. शेवटच्या ठिकाणी एक गोष्ट तिला आधीच माहीत हवी : मूल्यांकनाचा खर्च प्रकल्प करणारी कंपनीच देते, त्यामुळे वजनं हवी तशी वाकवण्याचा दबाव येऊ शकतो. सरकारी जागा नियमित निघत नाहीत आणि संस्थांतलं काम बरेचदा प्रकल्पापुरतं असतं. पहिली काही वर्षं उत्पन्न स्थिर नसेल हे धरून चला.

शिक्षणासाठी माझी पसंती जिओइन्फर्मेटिक्स (जीआयएस आणि उपग्रहचित्रांचं शास्त्र) किंवा पर्यावरणशास्त्राच्या एम.एस्सी.ला. प्रत्यक्ष गावांत काम करण्याची आवड असेल, तर आयआयटी मुंबईचं सितारा (CTARA) हे ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र पाहा. भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेकडे व्यवस्थापनाच्या अंगानं जाता येतं. बी.एड. वाईट नाही, पण ते पुढेही करता येईल. आत्ता लावलं, तर ही ओढ विझण्याचा धोका आहे.

निकालापर्यंतच्या सुट्टीत तिनं क्यूजीआयएस हे जीआयएसचं मोफत सॉफ्टवेअर उतरवून घ्यावं आणि तुमच्याच गावात पाझर तलावासाठी जागा शोधावी. उतार, माती, ओढ्यापासूनचं अंतर, वस्तीपासूनचं अंतर हे निकष घेऊन आधी स्वतः वजनं द्यावीत, मग गावातल्या चार जणांना विचारून पुन्हा नकाशा काढावा. वजनं थोडी बदलल्यावर कोणती जागा टिकते आणि कोणती घसरते, तेही तपासावं. दोन्ही नकाशे प्रवेशाच्या मुलाखतीला बरोबर न्यावेत. त्या चार जणांत तुम्हीही असा.