तुझी मजुरी आधी लिही

प्रिय बेटा,

तुझी हिशोबाची वही नीट वाचली. अडीच मीटर कॉटनचे ३०० रुपये, दोरा-बटणं-कॅनव्हासचे ४०, पिशवीचे १०. कुर्ता विकला ४०० ला. पुढे तू लिहिलंस, 'नफा ५०'. मग कापणं, शिवणं, काज-बटण, इस्त्री, कपडा आणायला इतवारी बाजाराच्या चकरा हे सगळं कोणी केलं? वहीत तुझ्या हातांचा एक रुपयाही धरलेला नाही.

नवरा गेल्यावर दोन लेकरांसाठी तू मशीन काढलीस. तेव्हा कोणी कपडा शिवायला दिला हेच खूप वाटायचं, म्हणून तेव्हा लावलेला भाव तसाच राहिला. आता तो बदल.

उद्या तुला ताप आला आणि तोच कुर्ता वस्तीतल्या दुसऱ्या शिलाईवाल्या बाईकडे दिलास, तर ती जेवढी शिलाई मागेल तेवढी तुझी मजुरी. कपड्याच्या खालच्याच ओळीत ती लिही. मग वीज, मशीनची दुरुस्ती, बिघडलेला एखादा पीस. नफा या सगळ्याच्या वर. मजुरीवर घर चालतं, नफ्यातून पुढचा कपडा येतो. दोन्ही एकाच डब्यात ठेवलंस तर पोरांची फी भरल्यावर गांधीबागेतल्या कापडबाजारात जायला काही उरणार नाही.

भाव वाढला की ओळखीच्या बायका म्हणतील, "काहून वो, एवढा महाग?" म्हणू दे. कीव करून घेणारी बाई एकदा घेते. अंगात नीट बसला म्हणून घेणारी बहिणीलाही घेऊन येते. म्हणून मोबाईलवरच्या रीलमध्ये दर वेळी आपलं दुःख सांगू नकोस. खिसा दाखव, आतली शिलाई दाखव, पुढे उसवून सैल करता यावं म्हणून सोडलेला कपडा दाखव. आणि कॉटन पाण्यातून काढल्याशिवाय कात्री लावू नकोस. पहिल्याच धुण्यात आटलेला कुर्ता गिऱ्हाईक विसरत नाही.

पांढऱ्याची तयारी गणपतीपासूनच धर. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात, पांढरी साडी, पांढरा कुर्ता घालून. वर्षभर पैसे साठवून आलेली असतात कितीतरी जणी. त्यांच्यासाठी शिवताना पातळ कपड्याला अस्तर लावच, मोठी मापं जास्त ठेव, आणि गर्दी आहे म्हणून भाव चढवू नकोस. मला हे फार मनापासून वाटतं.

बुटीकवाल्यांची उधारी मात्र आवर. छोट्या धंद्यांसाठीची सरकारी 'उद्यम' नोंदणी करून घे. ती फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नकोस. नोंदणी झालेल्या लघुउद्योगाने माल दिला की घेणाऱ्याला ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करारात जास्त मुदत लिहिली असली तरीही. माल देताना बिलावर तारीख आणि सही घे.

कर्जाची घाई नको. सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेतल्या सगळ्यात छोट्या, शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत तारणाशिवाय मिळतात, पण ते ऑर्डरी हातात असताना कपड्याच्या कडा बंद करणाऱ्या ओव्हरलॉक मशीनसाठी घे, कपड्याचे ठाण भरून ठेवायला नको. मशीन बघायला जाशील तेव्हा आपले कापडाचे तुकडे सोबत ने, पातळ कॉटन आणि जाड खादी दोन्ही. दोन्हींवर टाका मारून बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस. मला आदल्या दिवशी फोन कर, मी सोबत येते.

तुझी,
मावशी