ट्रायकोडर्मा मारल्यावर मक्यातलं बुरशीचं विष जातं का?

तुम्ही लिहिलंय की जत भागात तुमचा तीन एकर मका आहे, गेल्या साली कणसांवर हिरवी बुरशी आली आणि दाण्यांत अफ्लाटॉक्सिन हे त्या बुरशीचं विष निघालं म्हणून व्यापाऱ्यानं माल परत केला. आता ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीवर मात करणारी उपयोगी बुरशी, वापरला तर विष जाईल का, असा तुमचा प्रश्न आहे.

दाण्यात उतरलेलं विष ट्रायकोडर्मानं जात नाही. उन्हात वाळवून, भाजून, शिजवूनही जात नाही. बुरशी मरते, विष राहतं. जैविक उपाय आहे, पण तो कणीस भरायच्या आधी रानात करायचा असतो.

आमचं रान विट्याजवळ. 2019 च्या परतीच्या पावसात मोडलेली कणसं आम्ही ताडपत्रीखाली ढीग करून ठेवली. पाच दिवसांनी ढिगात हात घातला तर आत चांगलंच गरम लागलं. एक कणीस सोललं. शेंड्याकडं अळीनं पोखरलेल्या जागी पोपटी रंगाची भुकटी होती, बोटाला लागत होती. बाजारात कुणी घेईना म्हणून भरडून गाईंना घातला. चार दिवसांत गाई वैरणीवरून तोंड फिरवायला लागल्या, दूध घटलं. डॉक्टरांनी भरडा आधी बंद करायला लावला आणि घरात लहान पोर आहे का, असं विचारलं. तेव्हा मला कळलं की गाईनं खाल्लेल्या विषाचा काही भाग एम1 या रूपानं दुधात उतरतो. भरडा बंद केल्यावर काही दिवसांत दूध निवळतं, पण त्या चार दिवसांचं दूध आमच्या घरीही प्यायलं गेलं होतं. म्हणून सांगतो, व्यापाऱ्यानं नाकारलेला मका जनावरांना घालू नका.

हे विष साधं नाही. 1974 साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातमधल्या पंचमहाल भागात अवकाळी पावसात भिजलेला मका खाऊन शंभरावर माणसं काविळीनं गेली. तेच अन्न खाणारी गावातली कुत्री त्याआधीच पोटात पाणी होऊन मेली होती.

आता जैविक उपायाचं. कणसावरची ही हिरवी बुरशी म्हणजे अ‍ॅस्परजिलस फ्लेवस, ती मातीत असतेच. तिच्यातले काही वाण विष तयार करतात, काहींना ते जमतच नाही. अमेरिकेत पीटर कॉटी या शास्त्रज्ञानं अ‍ॅरिझोनाच्या कापसात हे निरुपद्रवी वाण मुद्दाम वाढवून सोडले. आधी तेच येऊन बसले की विषारी वाणाला जागाच उरत नाही, तणाच्या आधी पीक उभं राहिल्यासारखं. नायजेरियात इबादानच्या आयआयटीए या संस्थेनं तिथल्याच मातीतले चार बिनविषारी वाण निवडून अफ्लासेफ नावाचं उत्पादन तयार केलं. त्यासाठी त्यांनी वापरली चक्क ज्वारी! भाजलेली, म्हणजे ती उगवत नाही. तिच्यावर या बुरशीचे बीजाणू, म्हणजे बुरशीचं बी, चढवायचे, तुरा यायच्या दोन-तीन आठवडे आधी ओलसर रानात हेक्टरी 10 किलो हातानं फेकायची. म्हणजे एकराला चार किलो. काही दिवसांत प्रत्येक दाणा हिरवा होतो आणि बीजाणू वाऱ्यानं कणसापर्यंत जातात. विषाचं प्रमाण 80 टक्क्यांहून जास्त घटल्याचं तिथं दिसलंय. रानात सोडलेला हा बुरशीचा वाण पुढच्या हंगामातही थोडाफार टिकतो.

एक कळकळीची विनंती. हे वाचून घरी बुरशी वाढवायला जाऊ नका. विषारी आणि बिनविषारी वाण डोळ्यांना सारखेच दिसतात, फरक प्रयोगशाळेतच कळतो. विट्यातल्या कृषी सेवा केंद्रांत मी विचारून आलो, असं तयार उत्पादन मला मिळालं नाही. दुकानदारांनी पुढं केलं ते ट्रायकोडर्माच. तो वाईट नाही. मूळकुज, खोडकुज यांसाठी बीजप्रक्रियेला मी वापरतो, शेणखतात मिसळून रानातही टाकतो. पण तो टाकला म्हणजे कणसातल्या विषाची काळजी मिटली, असं समजू नका. आणि कणसावर गुलाबी-पांढरी बुरशी असेल तर ती फ्युजेरियम. तिचं विष वेगळं, त्यावर अफ्लासेफचाही उपयोग नाही.

मग यंदा काय करायचं? दाणे भरताना ताण बसला आणि ऊन तापलं की ही बुरशी जोर धरते, म्हणून एकच पाणी शिल्लक असेल तर ते तुरा ते दाणा भरणं या काळासाठी राखा. लष्करी अळी सुरुवातीलाच आवरा, कारण तिनं पाडलेलं भोक म्हणजे बुरशीला उघडं दार. काढणीला किडलेली कणसं वेगळी काढा, मळणीत मिसळू देऊ नका. मूठभर विषारी दाणे सगळं पोतं बाद करतात. कणसं मातीवर टाकू नका, ढीग झाकून ठेवू नका, पातळ पसरा.

पोती भरण्याआधी मी एक तपासणी करतो. कोरड्या काचेच्या बाटलीत चांगलं वाळलेलं मीठ घ्यायचं, त्यावर मका टाकायचा, झाकण लावून जोरात हलवायची आणि थोडा वेळ ठेवायची. मीठ काचेला चिकटलं तर मक्यात ओल अजून 15 टक्क्यांच्या वर आहे. मग आणखी दोन उन्हं द्यायची आणि पुन्हा बाटली हलवायची.