कन्सल्टिंग फर्ममध्ये रिसर्च अ‍ॅनालिस्ट म्हणून शिरलं तर पुढे करिअर आहे का?

तुम्ही लिहिलंय की बीई झालंय, एमबीए नाही, गुरुग्रामच्या एका फर्मकडून नॉलेज अ‍ॅनालिस्टची (म्हणजे रिसर्च अ‍ॅनालिस्टचीच) ऑफर आहे. घ्यावी का आणि तिथून कन्सल्टंट होता येईल का? ऑफर घ्या. फक्त कन्सल्टंट व्हायचं म्हणून घेत असाल तर मात्र घेऊ नका. तो रस्ता बहुतेकांच्या बाबतीत एमबीएवरूनच जातो.

आता खरा मुद्दा. 'डेटाबेस उघडायचा, आकडा उचलायचा, स्लाइडवर डकवायचा, यात काय डोकं लागतं' हे मी फर्मच्या आतल्या माणसांकडूनच ऐकत आलोय, आणि ते साफ चूक आहे. मॅकिन्झीने गुरुग्रामला नॉलेज सेंटर, म्हणजे असं संशोधन करणारं केंद्र, काढलं ते १९९८ साली. नुसत्या डकवाडकवीसाठी असं केंद्र इतकी वर्षं कोणी पोसत नाही.

समजा, संध्याकाळी केस टीमचा, म्हणजे क्लायंटचं काम करणाऱ्या कन्सल्टंटांचा, मेल आला : भारतातला ठिबक सिंचनाचा बाजार किती, उद्या सकाळपर्यंत हवंय. नवखा माणूस जैन इरिगेशनचा वार्षिक अहवाल उघडतो आणि कन्सॉलिडेटेड (उपकंपन्यांसकट) विक्री उचलतो. तिथेच फसतो. त्यात पाइप आहेत, अन्नप्रक्रिया आहे, परदेशी उपकंपन्या आहेत. शिवाय त्यांचा परदेशातला सिंचनाचा धंदा मार्च २०२३ मध्ये रिव्ह्युलिस या परदेशी सिंचन कंपनीत विलीन झाला, म्हणजे आधीचे आणि नंतरचे आकडे सरळ जोडताच येत नाहीत. स्टँडअलोन (फक्त मूळ कंपनीचा आकडा) घ्यायचं आणि सेगमेंटची, म्हणजे धंद्यानुसार विक्रीची, टीप वाचायची. ठिबकमधल्याच नेटाफिमची भारतीय कंपनी शेअर बाजारात नाही. तिचा एओसी-४ (वार्षिक हिशेब भरायचा फॉर्म) कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवरून काढायचा. तिचा मुख्य मालक मेक्सिकोचा ऑर्बिया समूह, त्याचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. आपलं एप्रिल ते मार्च. ही दोन वर्षं एका तक्त्यात शेजारी बसली की वाढीचा दर खोटा निघतो.

कंपन्यांच्या विक्रीची बाजू झाली, मग दुसऱ्या बाजूने यायचं : 'पर ड्रॉप मोअर क्रॉप' या केंद्र सरकारच्या ठिबक-तुषार अनुदान योजनेखाली आलेले हेक्टर गुणिले हेक्टरी खर्च. इथे सरासरी खर्च लावणारे सगळ्यात जास्त चुकतात. १०० बाय १०० मीटरच्या एका हेक्टरात ओळी १.२ मीटरवर असल्या तर साधारण ८,३०० मीटर लॅटरल (पिकाच्या ओळीतून जाणारी ठिबकची नळी) लागते. ५ मीटरवर लावलेल्या फळबागेत एका ओळीला एक लॅटरल धरली तर २,००० मीटर. नळीतच चौपट फरक. म्हणून राज्यवार पिकं बघितल्याशिवाय गुणाकार करायचाच नाही. अनुदान न घेता बसवलेले संच आणि जुन्या लॅटरल बदलून घेणारे शेतकरी योजनेच्या यादीत येत नाहीत, ते वेगळे धरायचे. बसवलं एका वर्षी आणि अनुदान जमा झालं पुढच्या, हेही होतंच.

दोन्ही बाजूंचे आकडे १०-१५ टक्क्यांच्या आत आले तर मी पुढे जातो. दुप्पट फरक आला तर एकीकडे कारखान्यातून निघतानाची किंमत आणि दुसरीकडे डीलरचं कमिशन, जीएसटी, बसवणुकीची मजुरी धरलेली असते. हे ज्याला दहा मिनिटांत दिसतं, त्याला पुढच्या शेतीविषयक केसला पार्टनर स्वतः फोन करतो. या क्षेत्रात पुढे जाणं म्हणजे हेच.

म्हणून जनरल पूलमध्ये, म्हणजे कुठल्याही विषयाच्या कामाला लावतात त्या गटात, दीड-दोन वर्षांपेक्षा जास्त राहू नका. एक प्रॅक्टिस, म्हणजे एका उद्योगाचा विभाग, धरा : शेती, औषधं, ऊर्जा, काहीही. 'सगळं थोडं थोडं येतं' हा कन्सल्टंटचा गुण असेल, आपल्याकडे तो माणसाला जागेवर बसवतो. मॅनेजर मंडळी उलट सल्ला देतात, कारण पूलमधला माणूस त्यांना कुठेही लावता येतो.

इंटरव्ह्यूत विचारायचं ते असं : माझे तास केसच्या कोडवर (म्हणजे त्या केसच्या खर्चात) पडतात की नॉलेज सेंटरच्या खर्चात? या प्रॅक्टिसमध्ये भारतात मॅनेजरच्या वर किती जण आहेत? माझा रिव्ह्यू कोण लिहितो, केस टीम की इथला बॉस? तास केसवर पडत नसतील तर कपातीच्या वर्षी पहिली नजर तुमच्यावर जाते. आणि फीडबॅक केस संपते त्याच आठवड्यात लेखी मागून घ्या. टीम पांगली की कोणी लिहीत नाही.

नुसती कंपनी प्रोफाइल आणि स्लाइडची सजावट यावर मात्र भरवसा ठेवू नका, ते काम एआयकडे झपाट्याने चाललंय.

हे सगळं स्ट्रॅटेजी फर्मना धरून आहे. बिग फोरच्या (डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय, केपीएमजी) ग्लोबल डिलिव्हरी सेंटरमध्ये ग्रेड आणि बढतीचं गणित वेगळं असतं. पुणं सोडायचं नसेल तर झेडएस ही कन्सल्टिंग फर्मही बघा, पण तिथे औषध कंपन्यांचा विक्रीचा डेटा जास्त, असा बाजार मोजण्याचा भाग कमी. अमेरिकेच्या टीमबरोबर काम असेल तर रात्री साडेनऊचा कॉल रोजचा धरा, आणि ऑफर लेटरमध्ये शिफ्टबद्दल काय लिहिलंय ते सही करण्याआधी वाचा.