३८१६५४७२९० या संख्येत एवढं खास काय आहे?

३८१ कोटी ६५ लाख ४७ हजार २९०. दिसायला एखाद्याच्या मोबाईल नंबरसारखी आहे, पण माझी प्रचंड आवडती संख्या आहे ही. ० ते ९ सगळे अंक यात एकेकदाच आलेत, आणि डावीकडून पहिले २ अंक घेतले (३८) तर २ ने भाग जातो, पहिले ३ घेतले (३८१) तर ३ ने, ३८१६ ला ४ ने, असं करत करत पूर्ण संख्येला १० ने. बाकी कुठेच उरत नाही. दहा अंक एकेकदाच वापरून ३२ लाखांहून जास्त दहा अंकी संख्या बनतात आणि त्यात हे जमणारी ही एकटीच!

मला खरी मजा वाटते ती ही की कॉम्प्युटर न लावता कागदावर ती सापडते. शेवटी ० येणार हे उघड आहे, मग पाचव्या जागी ५ च. सम जागांवर सम अंक लागणार, म्हणजे उरलेल्या विषम जागांवर १, ३, ७, ९. आता ४ ची कसोटी बघा, तिसरा अंक विषम आहे म्हणून चौथा २ किंवा ६ च असू शकतो (१२, १६, ३२, ३६ वगैरे), ८ च्या कसोटीमुळे आठव्या जागीही तेच, मग ४ आणि ८ ला दुसरी आणि सहावी जागाच उरते. पुढे पहिल्या तीन अंकांना ३ ने भाग जातो आणि पहिल्या सहांनाही, म्हणजे मधल्या तीन अंकांची बेरीजसुद्धा ३ च्या पाढ्यात हवी, त्यामुळे मधे २५८ नाहीतर ६५४, तिसरा पर्याय नाही. ९ ची काळजीच नको, १ ते ९ ची बेरीज ४५ असते त्यामुळे ती अट आपोआप पूर्ण होते.

एवढं झालं की फक्त १० उमेदवार उरतात आणि आता राहिला ७, जो सगळ्यात हट्टी, कारण त्याला अशी सोपी कसोटी नाही, सरळ भागाकारच करायचा. १४७२५८९ केलं तर बाकी ६, ९८७६५४३ इतकी देखणी पण बाकी ५, १८३६५४७ ला परत ६. दहापैकी नऊ अशाच गळतात. ३८१६५४७ भागिले ७ मात्र बरोब्बर ५४५२२१. स्वतः करून बघाच, तो शून्य बाकीचा क्षण फार भारी असतो.

आणि अंक परत वापरायची मुभा दिली तर हा खेळ २५ अंकांपर्यंत जातो: ३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५. यापुढे कुठलाही अंक लावा, २६ ने भाग जात नाही.