पेट्रोमॅक्सवरचं '५०० एचके' म्हणजे नक्की किती उजेड?

प्रश्न असा आलाय की घरातल्या जुन्या पेट्रोमॅक्सवर (म्हणजे पंप मारायच्या रॉकेलच्या गॅसबत्तीवर) '५०० एचके' लिहिलंय, तर एचके म्हणजे हाँगकाँग का, नसेल तर ते आणि कँडल पॉवर एकच का, आणि गावच्या जत्रेवर लेख लिहितोय त्यात आजच्या हिशोबात किती उजेड लिहू.

हाँगकाँगचा काही संबंध नाही हो. पेट्रोमॅक्स मूळचा बर्लिनचा, माक्स ग्रेट्झच्या कारखान्यातला (नावातला मॅक्स तोच), आणि एचके हे 'हेफनरकेर्त्से' या जर्मन शब्दाचं लघुरूप. केर्त्से म्हणजे मेणबत्ती, आणि हेफनर म्हणजे फ्रीडरिख फॉन हेफनर-आल्टेनेक नावाचा इंजिनिअर. याने १८८४ मध्ये एक छोटा दिवा सुचवला, उजेड मोजायचं माप म्हणून. त्यात अमिल अॅसिटेट जाळायचं, म्हणजे केळ्यासारखा वास येणारं ते द्रव, वातीची नळी ८ मिमीची आणि ज्योत बरोबर ४० मिमी उंच ठेवायची, की आडव्या दिशेला जो उजेड पडेल तो एक हेफनर. हवेत दमटपणा वाढला की ज्योत मंद व्हायची म्हणून हवेत वाफ किती असावी तेही ठरवून दिलेलं. कोकणात आषाढात हा दिवा लावला असता तर बिचारा मापात कमीच भरला असता.

कँडल पॉवर ही इंग्रजांची. त्यांच्या १८६० च्या गॅसच्या कायद्यात खरीखुरी मेणबत्तीच होती, देवमाशाच्या डोक्यातून निघणाऱ्या स्पर्मासेटी मेणाची, एका पौंडात सहा बसतील अशा वजनाची आणि तासाला १२० ग्रेन (जुनं इंग्रजी वजन) जळणारी. फ्रेंचांचा कार्सेल तिसराच, तासाला ४२ ग्रॅम कोल्झा तेल (मोहरीच्या जातीचंच) पिणारा दिवा, तो एकटा साधारण पावणेदहा कँडेलाचा (कँडेला हे एका दिशेला पडणाऱ्या उजेडाचं आजचं माप, साधारण एका मेणबत्तीएवढं). म्हणजे फ्रेंच पुस्तकात 'दहा कार्सेल' वाचून कुणी दहा मेणबत्त्या असं भाषांतर केलं तर उजेड एकदम दहापटीने खाली येतो.

आता हे एकमेकांत बदलायचे कसे. त्या काळी मीटर नव्हता, डोळाच मीटर. कागदावर तेलकट डाग पाडायचा, दोन्ही बाजूंना एकेक दिवा, आणि दिवे मागेपुढे करत डाग दिसेनासा होईपर्यंत जुळवायचं. एक दिवा १ मीटरवर नि दुसरा २ मीटरवर असताना जुळलं तर दुसरा चौपट तेजस्वी, कारण उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो. पण हेफनरची ज्योत लालसर आणि पेट्रोमॅक्सच्या मँटलचा (ज्योतीवरच्या जाळीच्या पिशवीचा) उजेड पांढराफटक, दोन वेगळ्या रंगांची जुळवाजुळव डोळ्याने करायची म्हणजे माणूस बदलला की उत्तर बदलणार. म्हणूनच या जुन्या मापांच्या गुणोत्तरात चार-चार दशांश लिहिलेले दिसले की मला हसू येतं.

१९०९ मध्ये इंग्लंड, फ्रान्स आणि अमेरिकेने मिळून एक आंतरराष्ट्रीय कँडल ठरवली, जर्मनी आपल्या हेफनरवरच राहिला, आणि एक हेफनर म्हणजे ०.९ आंतरराष्ट्रीय कँडल असं नातं धरलं. पुढे १९४८ ला वितळबिंदूवरच्या प्लॅटिनमवरून नवी कँडल आली, तीच आपली कँडेला, आणि जुनी आंतरराष्ट्रीय कँडल तिच्याहून साधारण दोन टक्के मोठी. या वाटेने गेलात तर एक हेफनर जवळपास ०.९२ कँडेला येतो, पण जर्मन लिखाणात ०.९०३ देतात. कुठला खरा म्हणून डोकं खाजवू नका, ०.९ हा आकडाच मुळात गोल केलेला होता. (१९७९ पासून कँडेलाची व्याख्या प्लॅटिनम सोडून वॉटशी जोडली गेलीय, पण तुमच्या हिशोबात त्याने फरक पडत नाही.)

तर ५०० एचके म्हणजे अंदाजे ४५० कँडेला. एचके आणि कँडल पॉवर एकच नाहीत, पण जवळचे आहेत, दहा टक्क्यांचा फरक. खरी गंमत ल्युमेन, म्हणजे सगळ्या दिशांना मिळून पडणारा एकूण उजेड, करताना होते. सगळ्या दिशांना सारखा उजेड पडतो असं धरलं तर ४५० ला १२.५७ ने (म्हणजे चार गुणिले पाय) गुणायचं, येतात साडेपाच हजारांच्या वर ल्युमेन. पण पेट्रोमॅक्सच्या खाली टाकी, वर टोपी, तिकडे उजेड जातच नाही, शिवाय ५०० हा आकडा कारखान्याचा, नवं मँटल आणि पंप मारून पूर्ण हवा भरलेली असतानाचा. त्यामुळे ल्युमेनचा तो आकडा वरची मर्यादा समजा. बाजारात दहा लाख कँडल पॉवरची टॉर्च मिळते ती याच्या उलट गंमत, थोडासाच उजेड एका बारीक झोतात कोंबलेला.

आणि कृपा करून '५०० वॉटचा पेट्रोमॅक्स' लिहू नका. हा गोंधळ आपल्याकडे जुना आहे, सुरुवातीचे कार्बन तारेचे बल्ब कँडल पॉवरवरच विकायचे, १६ कँडलचा बल्ब ५० च्या आसपास वॉट खायचा, पुढे वॉट आले तरी बोलण्यात 'साठ कँडलचा बल्ब' राहिलाच. लेखात सरळ '५०० हेफनर कँडलची गॅसबत्ती' लिहा आणि पुढे 'म्हणजे सुमारे ४५० कँडेला' एवढं पुरे, त्यापुढे दशांश नको.