आमचा लॅब्रॅडॉर ११ वर्षांचा झालाय, दिवसभर झोपून असतो. म्हाताऱ्या कुत्र्याच्या सोबतीत आता काय उरतं?

तुम्ही लिहिलंय की चेंडू टाकला तर तो नुसता बघतो, बेल वाजली तरी उठत नाही, तुम्ही घरी आलात की झोपल्या जागेवरून दोनदा शेपटी आपटतो, आणि घरात आता नवं पिल्लू आणायची बोलणी चाललीत. मी त्या शेपटीपासूनच सुरुवात करतो. आमचा बाळ्या जाऊन दोन वर्षं झाली. त्याच्या उड्या मला फारशा आठवत नाहीत. फरशीवर होणारा तो टप-टप आवाज मात्र अजून कानात आहे.

बाळ्या गावठी, अंगाने तांबूस, छातीवर पांढरा पट्टा. साताऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी भर पावसात सापडला आणि साडेचौदा वर्षं जगला. पहिली आठ-नऊ वर्षं आम्ही दोघं रोज पहाटे अजिंक्यतारा चढायचो. तो पुढे पळायचा, वळणावरून परत खाली येऊन मी येतोय ना ते बघायचा आणि पुन्हा पुढे. त्या वयात त्याचा माझ्यावर जीव होताच. पण तो जीव दूधवाल्यावर होता, किल्ल्यावर रोज भेटणाऱ्या निवृत्त मंडळींवर होता, समोरच्या घरातल्या पोरांवरही होता. जग मोठं होतं आणि त्याला सगळंच हवं होतं.

मग ते जग आकसत गेलं. आधी किल्ला सुटला, मग चौक, मग फाटकाबाहेरचं सगळंच. शेवटी पडवी, स्वयंपाकघराचा उंबरा आणि माझी खोली एवढंच राहिलं. आणि त्या तीन जागांत त्याने आमच्याकडे जितकं लक्ष दिलं, तितकं आधी कधीच दिलं नव्हतं. मी कुठल्या चपलांना हात घालतोय यावरून त्याला कळायचं की मी कोपऱ्यावर जातोय की कामावर. कोपऱ्यावर जात असलो तर नुसती मान वर. कामाची पायताणं काढली तर उठून दारापर्यंत यायचा, मग परत जाऊन पडायचा. माझा ताप तो माझ्याआधी ओळखायचा आणि त्या दिवशी पडवी सोडून माझ्या खाटेखाली येऊन बसायचा. पिल्लू गोड असतं, पण ते तुम्हाला ओळखत नसतं. एवढी ओळख व्हायला दहा-बारा वर्षं जावी लागतात. तुम्ही विचारलंत काय उरतं. माझ्या मते तुमच्याकडे ते आत्ता कुठे तयार झालंय.

पण एक गोष्ट आधी करा. तो चेंडूमागे का जात नाही हे शोधा. बाळ्या बारा वर्षांचा असताना ओट्याच्या तीन पायऱ्या चढेनासा झाला. आम्ही म्हटलं, वय झालं. तीन महिने तेच म्हणत राहिलो. मग जनावरांच्या डॉक्टरांनी त्याचा खुबा हाताने मागे ओढून बघितला, तेव्हा आयुष्यात कधी न ओरडलेलं ते जनावर कळवळलं. सांधे झिजले होते. औषध सुरू केल्यावर आठवड्याभरात तो स्वतः पायऱ्या चढून वर आला आणि आईच्या चटईवर जाऊन बसला. ते तीन महिने मला अजून टोचतात. दुखत असलं तरी कुत्रा ओरडत नाही, फक्त एकेक गोष्ट करायचं सोडून देतो. लॅब्रॅडॉरमध्ये तर खुब्याचा आणि कोपराचा त्रास फार दिसतो. तेव्हा नुसतं ‘वय झालं’ म्हणून सोडू नका. आणि घरातली माणसांची दुखण्याची गोळी चुकूनही देऊ नका. ब्रुफेनसारख्या गोळीने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

वजन वाढलं असेल तर तेही उतरवा. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर घेऊन, त्यांच्या दोन-दोनच्या जोड्या लावून, त्यांना आयुष्यभर पाळलं होतं. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं द्यायचे. २००२ साली त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा कमी खाणारे जवळपास दोन वर्षं जास्त जगल्याचं दिसलं, त्यांचे सांधेही उशिरा दुखायला लागले. आपल्याकडे म्हाताऱ्या कुत्र्याला सगळेच मायेने ताटातलं देतात, म्हणून हे मुद्दाम सांगतोय. गुळगुळीत टाइल्सवर त्याचे मागचे पाय फाकत असतील, तर पाण्याच्या भांड्यापासून त्याच्या जागेपर्यंत गोणपाट किंवा जुनी सतरंजी अंथरा. नखं आणि पंजातले केस वेळेवर कापा. आमच्याकडे एवढ्यानेच फार फरक पडला.

बेल ऐकून उठत नाही म्हणता, तर कानही बघून घ्या. बाळ्या तेराव्या वर्षी बहिरा झाला आणि आमच्या लक्षातच आलं नाही. हाक मारली की यायचा नाही, मी चिडायचो. एकदा तर त्याच्या अगदी मागे उभा राहून जोरात ओरडलो. तो शांतपणे समोरच्या भिंतीकडे बघत बसला होता. मी वाकून पाठीवर हात ठेवला तेव्हा दचकून वळला, मला बघितलं आणि शेपटी हलवायला लागला. त्यानंतर मी त्याला कधी हाक मारली नाही. जवळ जाताना जमिनीवर पाय आपटायचो. त्या धक्क्याने त्याला कळायचं.

या बहिरेपणाने त्याला एक देणगीही दिली. फटाक्यांना तो आयुष्यभर घाबरला. दर दिवाळीत चार रात्री मोरीत, बादलीमागे, थरथरत. मी शेजारी बसून राहायचो, कशाचा उपयोग व्हायचा नाही. बहिरा झाल्यानंतरच्या पहिल्या लक्ष्मीपूजनाला गल्लीत माळ लागली आणि मी धावत पडवीत गेलो. तो पणत्यांच्या रांगेजवळ पाय पसरून झोपला होता. झोपेत पाय हलत होते, कुठेतरी पळत असावा. बाहेर धूर, आवाज, आणि हा गाढ झोपेत. मी तिथेच खाली बसलो. मला रडू आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं.

डोळ्यांत निळसर झाक दिसायला लागली असेल, तर लगेच मोतीबिंदू समजू नका. वयाने डोळ्याचं भिंग घट्ट होत जातं, त्याने तसं दिसतं आणि बऱ्याच कुत्र्यांची नजर त्यात टिकून राहते. खरं काय आहे ते डॉक्टर सांगतील. नाक बहुतेक शेवटपर्यंत साथ देतं. बाळ्या शेवटच्या पावसाळ्यात पडवीच्या कडेला उभा राहून पाच-पाच मिनिटं हवा हुंगायचा. मी सोबत उभा राहायचो. मला फक्त ओली माती कळायची, त्याला काय काय कळत असेल!

पुढे कधी तो रात्री उठून घरभर फिरायला लागला, कोपऱ्यात तोंड करून उभा राहिला, तर घाबरू नका, पण डॉक्टरांना सांगा. मेंदू थकतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसच्या पशुवैद्यांनी पाहणी केली होती. ११-१२ वर्षांच्या कुत्र्यांपैकी २८ टक्क्यांत आणि १५-१६ वर्षांच्या ६८ टक्क्यांत असं एखादं तरी लक्षण आढळलं. बाळ्या दार उघडायची वाट बघत बिजागरीच्या बाजूला उभा राहायचा. मी उठून त्याला खांद्याला धरून दुसऱ्या बाजूला आणायचो, मग तो बाहेर जायचा. रात्री दोन वाजता हे करताना मला कधी कंटाळा आला नाही. आयुष्यभर वळणावर थांबून त्याने माझी वाट बघितली होती.

आणि आई. आईने तरुण बाळ्याला कधी स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही, उंबऱ्याशी रेघ ठरलेली. तिचे गुडघे गेले आणि त्याचे खुबे गेले ते साधारण एकाच सुमारास. दुपारी दोघं पडवीत, ती खुर्चीवर आणि तो तिच्या पायांशी. मी ‘चहा करू का’ विचारलं की म्हणायची, “कर, पण आम्हाला उठवू नकोस.” तिचं बोलणं त्याला ऐकू येत नव्हतं, तरी ती दिवसभर त्याच्याशी बोलायची. आमचं कुलदैवत खंडोबा. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य कुत्र्यालाही असतो. कांदा कुत्र्यांना बाधतो असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून ती त्याच्यासाठी बिनकांद्याचं भरीत वेगळं काढायची. शेवटच्या वर्षी तो उठू शकत नव्हता, तर काठी टेकत स्वतः ताटली घेऊन त्याच्यापर्यंत गेली, खाली बसली आणि रोडगा कुस्करून हाताने भरवला. मग तिला उठवायला मी आणि शेजारच्या काकू लागलो.

नव्या पिल्लाचं विचारलंत. माझं मत, आत्ता नको. काही म्हातारे कुत्रे पिल्लामुळे खुलतात, हे मी बघितलंय. पण ज्याचं काहीतरी दुखतंय, त्याच्या अंगावर दिवसभर दात शिवशिवणारं पिल्लू सोडणं बरोबर नाही. आणि घरातलं सगळं लक्ष पिल्लाकडे जातं, ते कुणी ठरवून करत नाही, पण जातं. आधी त्याचं दुखणं बघा, उपचार करून दोन-तीन महिने जाऊ द्या. मग तो चालता-फिरता झाला आणि बाहेरच्या कुत्र्यांशी अजून मजेत असला, तर विचार करा. त्याची झोपायची जागा मात्र तेव्हाही पिल्लाला देऊ नका.

मागचे पाय आणि कान, दोन्ही एकाच फेरीत दाखवून घ्या. डॉक्टर काय म्हणाले ते इथे लिहा, मी बघत राहीन.